घामोळ्यांवरचं गुलाबी औषध

प्रश्न : आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. घरातच दोन माग आहेत, वर पत्रा. पाच वर्षांच्या मुलाची पाठ घामोळ्यांनी भरली आहे, रात्रभर खाजवतो. शेजारणीने कॅलामाइन लोशन दिलं. सासूबाई म्हणतात, तो नुसता रंग आहे, त्यापेक्षा पावडर थाप. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, रंगाबद्दल सासूबाईंचं खरं आहे. तो गुलाबीपणा लोहाच्या ऑक्साइडचा. गेरू ज्याने लाल होतो, तेच. पण ते असतं चिमूटभर. बाकीची भुकटी जस्ताच्या ऑक्साइडची, आणि खाज शमवते ती तीच. लोशनमधलं पाणी उडताना गारवा देतं, मागे राहिलेली भुकटी ओल शोषते.

बाटली मात्र हलवूनच वापरा. मेडिकलमध्ये मी नवा होतो, तेव्हा एका मावशींना हे सांगायचं राहून गेलं. त्यांनी आठवडाभर वरचं पाणीच लावलं. तळाशी घट्ट गाळ दिसल्यावर बाटली माझ्या काउंटरवर आपटली, "पाण्याचे पैसे घेतलेस आणि वर चुना लावलास!" तेव्हापासून मी प्रत्येक बाटली गिऱ्हाइकासमोर खळाखळा हलवूनच देत आलो.

आधी मुलाला साध्या पाण्याने आंघोळ घाला. टॉवेलचा तुमच्याकडे तोटा नसणार, पण घासू नका, टिपून घ्या. मग कापसाने पातळ हात द्या, वाळू द्या. दिवसातून दोन-तीनदा पुरे. डोळे, तोंड, खाजवून सोललेली जागा टाळा. काही लोशनांत खाजेचं आणखी एखादं औषध मिसळलेलं असतं. लेबल वाचा, लेकराला साधंच आणा. लोशनवर पावडर थापली तर घामात तिचा लगदा होतो, म्हणून तेवढं सासूबाईंचं ऐकू नका.

आता खरं दुखणं. घामाच्या नळ्या तुंबतात म्हणून घामोळ्या उठतात, आणि त्या उघडायचं काम कॅलामाइन करत नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे, वर पत्रा, शेजारी माग. तिथे डझनभर बाटल्या संपवल्या तरी पोर खाजवणारच. त्याला मागाच्या खोलीतून हलवा, सैल सुती बंडी घाला, पंखा अंगावर येऊ द्या. आपली चादर कितीही नावाजलेली असली तरी पावसाळ्यापर्यंत कपाटात ठेवा.

पुटकुळ्यांत पू दिसला, ताप आला किंवा तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.