घर पाडताना पेटीत निघालेले मोडी कागद, वह्या, फोटो विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचे आहेत. आधी काय करावं?

तुमचा प्रश्न असा : वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं जुनं घर पाडताना लाकडी पेटी निघाली, त्यात मोडीतले कागद, हिशेबाच्या वह्या आणि काही फोटो आहेत. पावसाळ्याआधी काय करावं, विद्यापीठाचं ग्रंथालय ते घेईल का, आणि दिल्यावर गावाला पाहता येतील का?

घेईल की नाही, हे बरंचसं तुमच्या यादीवर ठरतं. "आमच्याकडे लई जुने कागद आहेत" एवढंच सांगत गेलात तर ग्रंथपाल "बघू" म्हणतील, आणि त्यांचंही चुकत नाही. जागा, माणूस आणि मोडी वाचणारा, तिन्हींची तिथे चणचण असते. म्हणून पहिलं काम यादीचं. स्कॅनिंग नंतर.

पेटी उघडली की सगळं तारखेप्रमाणे लावून टाकावंसं वाटतं. लावू नका. जे ज्या बस्त्यात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, होतं ते त्यातच आणि त्याच क्रमाने राहू द्या. एखाद्या रोख्यावर गावाचं नाव नसतं, पण त्याच बस्त्यातल्या पावत्यांवरून तो कोणाचा हे उमगतं. बस्ते एकमेकांत मिसळले की तो धागा तुटला, मग मोडी वाचणाराही काही करू शकत नाही. आधी मोबाईलने पेटीचा वरून फोटो घ्या, मग प्रत्येक थर उचलण्याआधी एकेक. क्रमांक साधा ठेवा : पेटी १, बस्ता ३, कागद १२. तो २बी शिसपेन्सिलीने कागदाच्या मागे खालच्या कोपऱ्यात, दाब न देता लिहा. बॉलपेन, शिक्का, चिकटपट्टी काही नको. फोटोच्या मागे तर लिहूच नका, पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

यादीत क्रमांक, प्रकार, लिपी, पानं, अवस्था, कोणाच्या घरातलं आणि कागदावरची तारीख जशी आहे तशी उतरवा. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतं, पौष ते फाल्गुनातल्या तिथीला बहुधा ७९, पण ते शेजारच्या रकान्यात. फसली सनाचं, म्हणजे महसुली वर्षाचं, गणित मुलखागणिक बदलतं, ते घाईने बदलून टाकू नका.

आता पेटीत काय मोलाचं असू शकतं ते. आर्वी वर्धा नदीच्या पूर्वेला, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातली. तिथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. नदीपलीकडचं वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होतं, मग इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणून तुमच्याकडे वाजिब-उल-अर्ज (गावच्या चालीरीतींची नोंद), निस्ताराचे हक्क (सरपण, चराई वगैरेंचे), वसुलीच्या वह्या असं सापडण्याची शक्यता जास्त. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मालगुजाराच्या घरच्या खासगी वह्यांची दुसरी प्रत बहुतेक कोणत्याच कचेरीत नसते. सनद आणि पोथी सगळे जपतात; सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, काय दिलं, सरकी कोणत्या भावाने गेली, हे लिहिलेली वही मात्र रद्दीत जाते. अभ्यासकाला हवी असते ती हीच. जागा कमी पडली तर माझं मत वह्यांच्या बाजूने.

कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही) किंवा कचेरीच्या शिक्क्याचं मूळ दप्तर निघालं तर तो सार्वजनिक अभिलेख आहे, तो दान करता येत नाही. ग्रंथालयाला स्पष्ट सांगा आणि तहसील कचेरीशी बोला. जमिनीचे आणि जात पडताळणीला लागू शकणारे कागद घरच्यांना दाखवल्याशिवाय हलवू नका.

साफसफाई कोरडीच. काजळाच्या शाईला ओला बोळा लागला की अक्षर पसरलं. मऊ ब्रशने मधून कडेकडे झटका, तोंडाला मास्क लावा. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून सोडवा. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन परत निघत नाही, तेव्हा दोन्ही बाद. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक, उन्हात कागद वाळत घालू नका, आणि ज्या खोलीत कुलर चालतो तिथे तर मुळीच ठेवू नका. ती दमट हवा बुरशीला पुरते. कडुनिंबाचा पाला वापरायचाच असेल तर कडकडीत वाळवून पुरचुंडीत बांधा, पानांमध्ये घातला तर डाग पडतात. बस्ते धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात बांधून लोखंडी कपाटात ठेवा. कपाट विटांवर चढवा आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे वाळवीचा मार्ग दिसतो.

स्कॅन रंगीत करा, कागद ४०० पीपीआयला (इंचाला इतके ठिपके), फोटो ६०० ला. ए-४ चं एक पान टिफमध्ये (न दाबलेली चित्रफाईल) ४०० ला सुमारे ४६ एमबी होतं, म्हणजे हजार पानांना ४६ जीबी, त्याप्रमाणे हार्ड डिस्क घ्या. शिवलेली वही काचेवर दाबली तर शिवण उसवते; तिचे वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी येऊ द्या. फाईलला तोच क्रमांक द्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.

यादी आणि पाचसहा नमुने घेऊन जा. वर्धा जिल्हा नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. ग्रंथालयाबरोबर इतिहास विभागालाही भेटा. राज्याच्या पुराभिलेखागाराचं कार्यालयही नागपुरात आहे. डिजिटल प्रत त्यांना आणि मूळ तुमच्याकडे, असाही करार होतो, विचारायला लाजू नका. मूळ देत असाल तर देणगीपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, नाहीतर पुढे एखादा चुलतभाऊ हक्क सांगत येतो. कोण पाहू शकेल, काय ऑनलाइन जाईल आणि घरच्यांना प्रत केव्हा मिळेल, हे त्यातच लिहून घ्या. पत्र तुमच्या घरी आलेलं असलं तरी त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. कर्जाच्या वह्यांत इतर घरांची नावं आणि अंगठे असतात. कोणाच्या आज्यानं कोणाकडे वावर गहाण टाकलं होतं, हे मोबाईलवर फिरलं तर गावात भांडण ठरलेलं. त्या वह्या ग्रंथालयात बसूनच पाहता येतील अशी अट घाला.

ऑनलाइन जाणाऱ्या वस्तूला कायमची लिंक मिळणार का, हे ग्रंथालयाला विचारा. डीस्पेससारखी, डिजिटल संग्रह सांभाळणारी, प्रणाली असेल तर मिळते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात छापील यादी आणि फोटोंच्या मोठ्या प्रती ठेवा. समूहचित्रावर ट्रेसिंग कागद ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा, प्रत्येकीत आकडा घाला आणि म्हाताऱ्यांना एकेक विचारा. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग वेव्ह फाईलमध्ये, ४८ किलोहर्ट्झला करा. उतरवून घेताना वऱ्हाडी बोली "शुद्ध" करत बसू नका. नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि एकाच चेहऱ्याला दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा.