वाचकांचे प्रश्न : फोनचा बॅकअप क्लाउडवर ठेवावा की घरच्या संगणकावर?

प्रश्न : मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या १२८ जीबीच्या अँड्रॉइड फोनमधील सुमारे ९० जीबी जागा भरली असून त्यांपैकी ६० जीबी छायाचित्रे आणि व्हिडिओ यांचीच आहे. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्यांनी गावी शेतावरून पाठवलेले आवाजी निरोप अजून माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत आणि ते मला कोणत्याही परिस्थितीत गमवायचे नाहीत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत ठेव.’ राजारामपुरीत राहणारा आणि संगणक दुरुस्तीचे काम करणारा भाचा म्हणतो, ‘मावशी, आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी कशाला? संगणकावर उतरवून घे.’ आमचा संगणक तळमजल्यावर आहे आणि २०१९ च्या महापुरात तेथे पाणी आले होते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याने अर्धे उत्तर दिलेलेच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि ती ओलांडल्यावर शाहूपुरीच्या सखल भागात काय होते, हे आपण २०१९ मध्ये पाहिले आणि पुन्हा २०२१ मध्येही पाहिले. फोन आणि संगणक एकाच घरात, एकाच मजल्यावर असतील, तर संगणकावरची प्रत ही फोन हरवणे, फुटणे किंवा बिघडणे एवढ्यांपुरतीच उपयोगाची असते. पूर, आग किंवा चोरी यांच्यापुढे त्या दोन प्रती एकच ठरतात. त्यामुळे आपल्या बाबतीत केवळ तळमजल्यावरच्या संगणकावर विसंबणे मला मान्य होणार नाही. महापुराच्या आठवड्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात आणि त्या दिवसांत क्लाउडही हाती लागत नाही, हे खरे. परंतु पाणी ओसरल्यावर नवा फोन घेऊन आपल्या खात्यात प्रवेश केला की तेथे ठेवलेले सारे जसेच्या तसे मिळते. चिखलात बसलेल्या हार्ड डिस्कबद्दल तसे म्हणता येत नाही.

तरीही मुलाचा सल्ला पूर्णपणे पुरेसा आहे, असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण आपले आवाजी निरोप हेच आहे. अँड्रॉइडमध्ये ‘क्लाउडवर बॅकअप’ ही एकच गोष्ट नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची फसगत नेमकी येथेच होते. फोनचा स्वतःचा बॅकअप गूगल खात्यात जातो. त्यात संपर्क, एसएमएस, कॉलची नोंद, फोनची मांडणी आणि ॲपची माहिती असते, पण ॲपच्या माहितीसाठी दर ॲपला सर्वसाधारणपणे २५ एमबीचीच मर्यादा असते. छायाचित्रे आणि व्हिडिओ यांचा बॅकअप गूगल फोटोज या ॲपमधून स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन, ‘चॅट्स’खाली, आणखी वेगळा चालू करावा लागतो. यांतील पहिला चालू आहे म्हणून उरलेले दोनही चालूच असतील, असे समजू नये; आज संध्याकाळी तिन्ही ठिकाणी शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी.

जागेचा हिशेबही याच वेळी करावा लागेल. गूगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून असते. पूर्वी किंचित आकुंचित केलेली छायाचित्रे या हिशेबात धरली जात नसत. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. आपली ६० जीबी छायाचित्रे त्यात मावणार नाहीत, म्हणजे पैसे भरून जागा वाढवावी लागेल. ती वाढवली, तर शुल्क चुकणार नाही याची व्यवस्था मुलाकडे सोपवावी. शुल्क थांबले तर फायली लगेच पुसल्या जात नाहीत, परंतु नवे काही वर चढत नाही आणि जीमेलवर पत्रे येणेही थांबते. जागेच्या मर्यादेबाहेरची स्थिती दोन वर्षे तशीच राहिली, तर साठवलेले पुसले जाऊ शकते. पहिल्यांदा सर्व छायाचित्रे वर चढण्यास वेळ लागेल, त्याने घाबरून जाऊ नये. घरच्या वायफायवर अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळत असेल, तर ६० जीबीला तेरा तासांहून अधिक लागतात. रात्री फोन चार्जरला लावून दोन-तीन रात्रींत हे काम होऊन जाते. तेवढेच केबलने संगणकावर उतरवण्यास साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते येथे.

आता आवाजी निरोपांकडे वळू. व्हॉट्सॲपच्या क्लाउडवरील बॅकअपात ते असतात, पण तो बॅकअप उघडून त्यातला एखादा निरोप ऐकता येत नाही. तो फक्त आपल्याच फोन क्रमांकावर आणि त्याच गूगल खात्यातून, व्हॉट्सॲप नव्याने बसवताना, संपूर्ण परत आणता येतो. शिवाय नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. म्हणून एखादा निरोप चुकून पुसला गेला आणि रात्री बॅकअप झाला, तर तो तेथूनही गेलेला असतो. इतक्या मोलाची वस्तू अशा एकाच दोरीवर टांगलेली असू नये, असे मला मनापासून वाटते. सुदैवाने अँड्रॉइड फोनमध्ये हे निरोप साध्या फायलींच्या रूपात असतात. फोन केबलने संगणकाला जोडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे आणि फोनच्या स्मृतीतील ‘अँड्रॉइड’, ‘मीडिया’, ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, ‘व्हॉट्सॲप’, पुन्हा ‘मीडिया’ अशा फोल्डरांतून आत जात ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ या फोल्डरपर्यंत पोहोचावे. तेथे वर्ष आणि आठवड्यानुसार फोल्डर असतात आणि प्रत्येक फायलीच्या नावात पीटीटी या अक्षरांपुढे वर्ष, महिना आणि दिवस लिहिलेला असतो. नाव कोणाचे हे तेथे दिसत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपमध्ये निरोपाची तारीख पाहून ती फाइल शोधावी लागेल. थोडे चिकाटीचे काम आहे. तोपर्यंत तो संपूर्ण फोल्डर कॉपी करून संगणकावर ठेवला तरी चालेल. या फायली संगणकावर व्हीएलसी प्लेयर या प्रोग्रॅममध्ये वाजतात.

भाच्याला मी एवढेच सुचवीन की त्याने ही प्रत मावशीच्या घरच्या संगणकावर न ठेवता एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ती राजारामपुरीला स्वतःकडे न्यावी. मग दोघांचेही म्हणणे राहते आणि मावशीची वस्तू पुराच्या पाण्यापासून दूर राहते. डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये, कारण विजेचा झटका किंवा व्हायरस आला की दोन्ही एकदम जातात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा ती जोडून नवी छायाचित्रे घालावीत आणि त्याच वेळी जुन्यांपैकी चार-पाच निरोप प्रत्यक्ष वाजवून ऐकावेत. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे विसंबू नये.

आणि जर काही कारणाने दोन्ही करणे शक्यच नसेल व एकच निवडायचे असेल, तर छायाचित्रांसाठी मी क्लाउड निवडीन. संगणकावरचा बॅकअप बहुधा यंत्र बिघडल्यामुळे बुडत नाही, तो घेण्याचे राहून गेल्यामुळे बुडतो. क्लाउड मात्र आपण आठवण ठेवली नाही तरी रोज रात्री त्याचे काम करतो. फक्त आवाजी निरोपांची डिस्क मात्र भरूनच घ्या.

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय आहे. नव्या पैंजणांच्या आणि जोडव्यांच्या डिझाइनची छायाचित्रे मी आयफोनवर काढतो. ‘आयक्लाउडची जागा भरली’ असा संदेश रोज येतो. डिझाइन बाहेर फुटण्याची भीती असल्याने मी क्लाउड टाळून कारखान्यातील विंडोज संगणकावर बॅकअप घेतो. हे अधिक सुरक्षित आहे ना?

उत्तर : आहेही आणि नाहीही, ते आपण बॅकअप कसा घेता यावर अवलंबून आहे. विंडोजवर ॲपलच्या आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस या ॲपमधून बॅकअप घेताना ‘एन्क्रिप्ट’ (पासवर्डाने कुलूपबंद करणे) असा एक चौकोन असतो. त्यावर खूण नसेल, तर कारखान्यातील तो संगणक हाताळू शकणारा कोणीही साध्या साधनांनी आपली छायाचित्रे त्या बॅकअपातून काढू शकतो. क्लाउडची भीती बाळगून आपण डिझाइन अनेकांचा वावर असलेल्या खोलीत उघडी ठेवली, असे त्यातून होईल. खूण केली की बॅकअपाला पासवर्ड लागतो, आणि फोनमध्ये साठवलेले पासवर्ड, आरोग्यविषयक नोंदी व कॉलचा इतिहासही त्यात येतो, जो खूण नसलेल्या बॅकअपात येत नाही. हा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा, कारण तो विसरल्यास त्या बॅकअपातून काहीही परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आयक्लाउडमध्ये केवळ ५ जीबी जागा विनामूल्य असते आणि ती भरल्याचा संदेश येत आहे, म्हणजे तेथे काहीतरी चालू आहेच. सेटिंगमध्ये ‘आयक्लाउड फोटोज’ चालू आहे का, ते पाहावे. ते चालू असेल, तर क्लाउडवर पोहोचलेली छायाचित्रे संगणकावरच्या बॅकअपात समाविष्ट केली जात नाहीत. म्हणजे काही छायाचित्रे वर गेलेली, काही जागेअभावी फोनमध्येच अडकलेली, आणि संगणकावरची प्रत आपण समजता तशी पूर्ण नसलेली, अशी स्थिती असू शकते. क्लाउड नकोच असेल, तर प्रथम सर्व मूळ छायाचित्रे फोनमध्ये उतरवून घ्यावीत, ती उतरल्याची खात्री करावी, मग आयक्लाउड फोटोज बंद करून संगणकावर नव्याने बॅकअप घ्यावा. आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर तेथील जुना बॅकअप १८० दिवसच राहतो, हेही लक्षात असू द्यावे.

आपण आपल्या मर्जीने क्लाउड वापरू इच्छित असाल, तर डिझाइन फुटण्याची भीती कमी करण्याचा मार्ग तेथेही आहे. ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ नावाची सोय चालू केली, की बॅकअप आणि छायाचित्रे यांची किल्ली फक्त आपल्या उपकरणांकडे राहते आणि ॲपललाही ती उघडता येत नाहीत. त्याची किंमत म्हणजे किल्ली हरवली तर ॲपलही मदत करू शकत नाही. व्यवहारात मात्र दुबळा किंवा सर्वत्र सारखाच वापरलेला पासवर्ड आणि कोणाला तरी फोनवर सांगितलेला ओटीपी यांतून खाती हातची जातात. एकच व्यावहारिक सूचना करतो : नव्या डिझाइनची छायाचित्रे ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवली जात असतील, तर ती आपल्या हातून त्याच क्षणी बाहेर गेली आहेत, आणि आपला कोणताही बॅकअप ते थांबवू शकत नाही.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. फोन भरला म्हणून गॅलरीतून सहलीची छायाचित्रे पुसली. ती गूगल फोटोजवर आहेत असे समजून चाललो होतो, पण तेथूनही ती गेली. असे का झाले?

उत्तर : फोनच्या गॅलरीतून पुसले की वेबवरचे राहते, असे आपण गृहीत धरलेत. अनेक फोनमध्ये गॅलरी आणि गूगल फोटोज जोडलेले असतात, आणि गूगल फोटोज ॲपमधून पुसलेले छायाचित्र तर खात्यातूनही पुसले जाते. जेथे दोन ठिकाणे एकमेकांचे अनुकरण करतात तेथे चूकही अनुकरणात येते. फोनमधील जागाच मोकळी करायची असेल, तर गूगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. तो वर पोहोचलेल्या छायाचित्रांची केवळ फोनमधली प्रत काढतो.

आपली छायाचित्रे वर पोहोचलेली होती, तर ती गूगल फोटोजच्या ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस राहतात, फोनच्या गॅलरीचा स्वतःचाही ट्रॅश असतो, तोही पाहावा. आपण केव्हा पुसली हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून हा अंक हाती पडताच प्रथम ट्रॅश उघडावा, हवी ती छायाचित्रे निवडून ‘रिस्टोअर’ करावीत, आणि मगच पुढचे वाचावे.