हॅटफील्ड अँड द नॉर्थ हा सत्तरच्या दशकातला ब्रिटिश रॉक बँड इतका चांगला होता, तर दोनच अल्बममध्ये का संपला?

पैशाची चणचण, हे सरळ उत्तर. पण त्यात त्यांच्या संगीताचाही हात होता.

ही मंडळी नवखी नव्हती. बास वाजवणारा आणि गाणारा रिचर्ड सिंक्लेअर पूर्वी कॅराव्हॅन या बँडमध्ये होता, गिटारवर फिल मिलर मॅचिंग मोलचा, ड्रम्सवर पिप पाइल गाँगचा आणि ऑर्गनवर डेव्ह स्ट्यूअर्ट एगचा. (युरिथमिक्स या पॉप जोडीतला डेव्ह स्ट्यूअर्ट वेगळा. गूगल केलंत की हमखास घोटाळा होतो.) १९७३ च्या सुरुवातीला ही चौकडी पक्की झाली. नाव उचललं ते लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरच्या 'हॅटफील्ड आणि उत्तर' अशा पाटीवरून.

पहिला अल्बम १९७४ मध्ये व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने काढला. त्यातली गाणी एकमेकांत अशी मिसळतात की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते पटकन कळत नाही. मधेच 'कॅलिक्स' येतं. त्यात पाहुणा म्हणून आलेला गायक रॉबर्ट वायट शब्दांशिवाय गातो, नुसते स्वर, जवळजवळ आलापच म्हणा ना. एरवी मागे तिघीजणींचा 'नॉर्थेट्स' नावाचा कोरस असतो. स्ट्यूअर्ट ऑर्गन फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून काढतो, त्यामुळे पुष्कळदा तो गिटारच वाटतो. वाजवायला हे महाकठीण आहे, ताल सारखे बदलत राहतात, पण त्याचा तोरा कुठे नाही. एका तुकड्याचं नावच 'शेव्हिंग इज बोअरिंग'! इतक्या तयारीचे वादक स्वतःचीच अशी टर उडवताना मी तरी फार पाहिलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. असं संगीत बसवायला भरपूर तालमी लागतात आणि रेडिओवर ते फारसं वाजत नाही. १९७४ मध्ये एक सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) काढून पाहिली, ती चालली नाही. १९७५ चा 'द रॉटर्स क्लब' ब्रिटिश अल्बमांच्या यादीत ४३ व्या क्रमांकापर्यंत गेला. इतक्या आडवळणाच्या संगीताला हे वाईट नाही, पण त्यावर चार जणांची घरं चालत नाहीत. त्याच वर्षी बँड मोडला.

माणसं मात्र गप्प बसली नाहीत. स्ट्यूअर्ट आणि मिलर नॅशनल हेल्थ या नव्या बँडमध्ये गेले, पाइलही पुढे त्यात आला. सिंक्लेअर कॅमल या बँडमध्ये गेला. आणि गंमत बघा, १९८१ मध्ये स्ट्यूअर्ट आणि नॉर्थेट्समधली बार्बरा गॅस्किन यांचं 'इट्स माय पार्टी' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं! तेही एका जुन्या पॉप गाण्याची नवी आवृत्ती करून.

ऐकायचंच असेल तर दुसऱ्या अल्बममधल्या 'शेअर इट'पासून सुरुवात करा. ते आवडलं तरच वीसेक मिनिटांच्या 'मम्प्स'कडे वळा. ती न चाललेली सिंगल १९८० च्या 'आफ्टर्स' या संकलनात मिळेल.