कॉम्प्युटरला 5.1 होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जोडलाय पण पुढचे दोनच स्पीकर वाजतात, काय चुकतंय?

तुम्ही हिरव्या जॅकमधून एकच वायर काढून सेटच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटला) लावलीय ना, मग दोनच वाजणार, कारण त्या वायरीतून लेफ्ट आणि राइट एवढंच जातं. काही सेट तोच आवाज मागच्या स्पीकरलाही देतात आणि आपल्याला वाटतं सराउंड चालू झालं, पण ते खरं नव्हे.

आधी सेटच्या मागे बघा. सहा आरसीए (लाल-पांढऱ्या पिना बसतात तसली गोल) सॉकेटचं 5.1 इनपुट असेल तर काम स्वस्तात होईल, एका टोकाला 3.5 एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशा तीन वायरी आणा. हिरवा जॅक पुढच्या दोघांचा, काळा मागच्या दोघांचा, केशरी सेंटर आणि सबवूफरचा. मदरबोर्डला तीनच जॅक असतील तर बऱ्याच बोर्डांवर निळा आणि गुलाबी आउटपुट म्हणून वापरता येतात, रिअलटेकच्या (बोर्डावरच्या साउंड चिपच्या) सॉफ्टवेअरमध्ये तसं सांगायचं, फक्त मग मागे माइक लावायला जागा उरत नाही. वायरी लावल्या की विंडोजच्या साउंडमध्ये प्लेबॅक, तिथे स्पीकर निवडून कॉन्फिगर, 5.1 आणि टेस्ट. हे न केल्यामुळेच निम्मे लोक अडकतात, विंडोज आपलं स्टिरिओच पाठवत बसतं.

ऑप्टिकल वायर घ्यायच्या आधी थांबा, मी तिथेच फसलोय. डॉल्बी डिजिटलचे पिक्चर पाचही स्पीकरमधून मस्त वाजले (प्लेयरमध्ये पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच सेटकडे पाठवणं, चालू करून) आणि गेम लावला की परत दोनच! ऑप्टिकलमधून साधा पीसीएम (न दाबलेला) आवाज दोनच चॅनलचा जातो, 5.1 हवं तर ते डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवावं लागतं, आणि गेमचा आवाज जागच्या जागी तसा दाबायला डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी सोय असलेलं साउंड कार्ड किंवा मदरबोर्ड लागतो. माझ्या बोर्डात ते नव्हतं.

एव्ही रिसीव्हर (एचडीएमआयमधून आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवणारा अॅम्प्लिफायर) असेल तर सरळ ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय लावा, आठ चॅनलपर्यंत न दाबता जातात. पण डीव्हीडीवाल्या जुन्या सेटवरचं एचडीएमआय बहुतेक वेळा टीव्हीकडे जाणारं आउट असतं, त्यात कॉम्प्युटर लावून काही होणार नाही.

आणि टेस्टमध्ये सेंटरचा आवाज वूफरमधून घुमला तर केशरी वायरीच्या दोन आरसीए पिना आपसात बदला.