मुंबईतल्या शाळेत सातवीच्या मुलांना गांडूळखत कसं शिकवावं? जागा नाही, आणि वासाची भीती आहे.

तुमची अडचण वाचली आणि हसूच आलं, कारण ती शब्दन् शब्द आमची होती. पन्नासेक मुलांचा वर्ग, मैदान म्हणजे फरशी घातलेला चौक, आणि मुख्याध्यापिकांचं म्हणणं, "वास आला तर पालक तुमच्याकडे नाही, माझ्याकडे येतील." मी चेंबूरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे हे पाच वर्षं चालू आहे. त्यातलं पहिलं वर्ष धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, कारण त्या वर्षी आम्ही सगळी गांडुळं मारली.

कशी मारली ते आधी सांगते, म्हणजे तुमची वाचतील.

जूनच्या शेवटी एका नर्सरीतून अर्धा किलो गांडुळं आणली आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात सोडली. मुलं नुसती वेडी झाली. मधल्या सुट्टीत ड्रमापुढे रांग. केळ्याची सालं, सफरचंदाची सालं इथपर्यंत ठीक होतं, पण पुढे खिचडी आली, बटाट्याची भाजी आली, एकाने तर शेवेची अख्खी पुडी रिकामी केली. मला वाटलं, उत्साह आहे, असू दे. तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चहाचा कप बाहेरून लागावा तसं ऊबदार. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचा गुंता लोंबत होता, जणू ती दार शोधत होती. मी ते झाकण परत लावलं, याची मला अजून लाज वाटते. सोमवारी आलो तर जिन्यापर्यंत वास. मुलं गप्प उभी होती. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, लग्नात पाहुण्याला आग्रह करतात तसं केलं आपण."

तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे कायमचा झाला. ड्रमावर, म्हणजे आता क्रेटवर, पाटी आहे: आग्रह करू नये.

माझ्या मते या विषयात शिकवायची खरी गोष्ट ही एवढीच आहे. गांडूळखताची कृती मुलांना अर्ध्या तासात पाठ होते. कमी द्यायचं, थांबायचं आणि बघायचं, हे शिकायला सहा महिने लागतात, आणि ते फळ्यावर शिकवता येत नाही.

झालं काय होतं ते मुलांना नीट सांगा, कारण विज्ञान तिथेच आहे. ओल्या कचऱ्याचा ढीग कुजायला लागला की जिवाणू आधी उष्णता तयार करतात. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते ओल्या त्वचेतून श्वास घेतं. पस्तीस अंशांच्या वर गेलं की बहुतेक जाती तग धरत नाहीत. त्यात ड्रमाला भोकं नाहीत, म्हणजे हवा नाही. हवा संपली की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू ताबा घेतात, आणि ते वास आणि मिथेन हा पेटणारा वायू सोडतात. आमच्या मुलांना मी देवनारचं उदाहरण देते. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय, त्या डोंगराच्या पोटात असाच वायू साठतो, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे जी आग लागली ती दिवसेंदिवस धुमसत होती. काही मुलांच्या घरी तो धूर अजून आठवतात. आपला ड्रम म्हणजे देवनारचं पिल्लू होतं, असं एकाने वहीत लिहिलं. मी त्याला पाचपैकी पाच दिले.

आता काय करायचं ते. ड्रम नको. बाजारात भाजीवाल्याकडे असतो तसा जाळीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, जुना मिळतो. आतून गोणपाट किंवा हिरवी शेडनेट लावा. तळाला नारळाच्या शेंड्या, वर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा), वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या (चकचकीत रंगीत पुरवण्या नकोत) आणि सुका पाला. मुंबईत पाला मिळत नाही असं म्हणू नका, सकाळी सात वाजता कुठल्याही सोसायटीच्या झाडूवाल्या काकांना विचारा, ते पोतं भरून देतील आणि वर आभार मानतील. शेण मिळालं तर दोन ओंजळी, पण ताजं नको, पंधरा दिवस पडून राहिलेलं. ताजं शेण स्वतःच तापतं. ओलावा किती? मूठभर घेऊन दाबा, बोटांतून एक-दोन थेंब पडले की बरोबर. धार लागली तर जास्त. ही परीक्षा मुलांना फार आवडते, प्रत्येकाला मूठ दाबायची असते, दाबू द्या. हे सगळं आठवडाभर तसंच ठेवा आणि मग गांडुळं सोडा.

गांडुळं कुठली, हा प्रश्न मुलंच विचारतील, कारण पहिल्या पावसात फुटपाथवर वळवळणारी त्यांनी पाहिलेली असतात आणि कोणीतरी डब्यात भरून आणतंच. ती नाहीत चालत. ती मातीत राहणारी, बिळं करणारी. आपल्याला पृष्ठभागाजवळ कुजक्या पाल्यात राहणारी लागतात. नर्सरीत सहसा आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी मिळते. पहिली मूळची युरोपातली, लालसर. दुसरी पश्चिम आफ्रिकेतली, लांब आणि जाड, आणि तिला आपल्याकडची ऊब जास्त मानवते. म्हणून मी दुसरी घेते. आपली देशी पेरिओनिक्सही चांगली आहे, मिळाली तर जरूर घ्या. फुटपाथवरचं गांडूळ आणणाऱ्या मुलाला रागावू नका, त्याला ते कुंडीत सोडायला लावा.

पहिल्या रात्री क्रेटवर दिवा चालू ठेवा. नव्या जागी ती भटकतात, उजेड असला की आत राहतात. मी हे वॉचमन काकांना सांगायला विसरले. त्यांना वाटलं बाई दिवा बंद करायला विसरल्या, त्यांनी प्रामाणिकपणे बंद केला. सकाळी प्रयोगशाळेच्या फरशीवर चाळीसेक गांडुळं, काही वाळून गेलेली.

वर्गात पहिल्या तासाला खत हा शब्द काढू नका. आधी गांडूळ या शब्दावर मागचे बाक हसतील. त्यांना मिनिटभर हसू द्या, तुम्ही रागावलात तर वर्षभर हसतील. मग प्रत्येक गटाला ओल्या कागदावर एकेक गांडूळ द्या आणि दहा मिनिटं फक्त बघायला सांगा. हात ओले हवेत, आणि हाताला सॅनिटायझर लावलेलं नको, हे कोविडनंतर मुद्दाम सांगावं लागतं. मोठं गांडूळ कोरड्या खाकी कागदावर ठेवून वर्ग एकदम शांत केला तर सरसर असा बारीक आवाज ऐकू येतो. ते त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म केसांचे आवाज. शेपटाकडून डोक्याकडे बोट हलकं फिरवलं की ते केस खरखरीत लागतात. पन्नास मुलं श्वास रोखून गांडुळाचं चालणं ऐकतायत, असा तास तुम्हाला वर्षात दुसरा मिळणार नाही. मोठ्या गांडुळाच्या पुढच्या भागात एक फुगीर पट्टा असतो, तो आला म्हणजे ते वयात आलं. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, हे सांगितल्यावर प्रश्न येतील. सरळ उत्तरं द्या. आणि मधोमध कापलं की दोन होतात, हे कोणाच्या तरी मोठ्या भावाने सांगितलेलं असतंच. होत नाहीत. निदान आपल्या क्रेटमधली तरी नाहीत, जगलाच तर डोक्याकडचा तुकडा जगतो.

डार्विनची गोष्ट जरूर सांगा. माकड आणि माणूस याच्यापलीकडे मुलांना डार्विन माहीत नसतो. मरायच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याने जे शेवटचं पुस्तक काढलं ते गांडुळांवर होतं. त्याने घरात कुंड्यांत गांडुळं पाळली होती. त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली, मुलाकडून बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं, पियानो वाजवला, त्यांना काही फरक पडला नाही. पण तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर दाबला की ती झटकन बिळात. म्हणजे ऐकू येत नाही, कंप कळतो. आमच्याकडे पियानो कुठला, आम्ही प्रार्थनेच्या पेटीवर कुंडी ठेवली. संगीताच्या सरांनी मनापासून भूप वाजवला. गांडुळांनी काहीच दाद दिली नाही. पण मग कोणीतरी बाक ओढला आणि त्या धक्क्याने सगळी आत गेली. सर थोडे दुखावले.

खाऊ घालणं हे वजनकाट्यावर करा. अर्धा किलोत आयसेनियाची साधारण हजार गांडुळं धरा, युड्रिलस जाड म्हणून कमी. चांगली रुळलेली गांडुळं दिवसाला आपल्या वजनाच्या अर्ध्यापर्यंत खातात, म्हणजे अडीचशे ग्रॅम, आणि हे जास्तीत जास्त. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड शंभर ग्रॅम पुरे. सालं बारीक तुकडे करून, एका कोपऱ्यात पुरून, वर पाला. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. मागचं संपलेलं दिसल्याशिवाय पुढचं नाही. शिजवलेलं, तेलाचं, खारट, मासे-मटण काही नाही. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांदा-लसूण फार नको. अंड्याची टरफलं वाळवून कुटून टाकली तर उत्तम. गणपती-नवरात्रात घरचं निर्माल्य आणायला सांगा, झेंडूच्या पाकळ्या ती आवडीने संपवतात, फक्त हारातला दोरा आणि जरी काढायचं काम मुलांना द्या.

एकदा आम्ही मधल्या सुट्टीतला सगळा ओला कचरा मोजला, तर तो दीड किलोच्या आसपास भरला. आपली गांडुळं खाणार पाव किलो. मग उरलेल्याचं काय? तिथून गणित सुरू झालं आणि हाताबाहेर गेलं. मुंबईत रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो. त्यातला अर्धा ओला धरला तर तीन हजार टन. तो खायला गांडुळं लागतील सहा हजार टन. किलोला दोन हजार या हिशोबाने बाराशे कोटी. फळ्यावर शून्यं मावेनात. मागून आवाज आला, "बाई, मग ती राहणार कुठे? इथे आपल्यालाच जागा नाही." दुसऱ्या दिवसापासून डब्यातली पोळी टाकणं थोडं कमी झालं. मी त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

मुंबईची खास संकटं: लाल मुंग्या, घुशी, चिलटं आणि सुट्ट्या. मुंग्यांसाठी आजी दुधाच्या भांड्याखाली करायची तेच, क्रेटच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पण ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास होतील आणि मुख्याध्यापिकांना नवीन कारण मिळेल. मुंग्यांचा खडू अजिबात नको, त्यात विष असतं. घुशींसाठी क्रेट जमिनीवर न ठेवता वर जाळी घट्ट बांधा. चिलटं दिसली म्हणजे आग्रह झाला, वर चार बोटं पाला टाका. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या एका माशीच्या असतात, कचराच खातात. आमचा दुसरा मोठा घात दिवाळीच्या सुट्टीत झाला: शाळेत झुरळांचं औषध मारलं आणि क्रेट आतच होता. आता सुट्टीआधी तो बाहेर काढणं ही माझी जबाबदारी मी लेखी करून घेतली आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसातून एकदा ओलावा बघा, वर ओलं गोणपाट ठेवा.

क्रेटच्या खालून काळं पाणी गळलं तर ते व्हर्मीवॉश (गांडूळखतातून मिळणारं द्रवखत) म्हणून बाटलीत भरू नका. ते फक्त पाणी जास्त झाल्याचं सांगतंय.

अडीचएक महिन्यांनी खत होतं. चहापुडीसारखं काळं, मोकळं, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा. मुख्याध्यापिकांच्या नाकाशी ते नेलं तो माझा विजयाचा दिवस. गांडुळं वेगळी करायला जुन्या फ्लेक्सवर उन्हाजवळ, पण सावलीत, खताचे छोटे ढीग करा. उजेडापासून पळून ती तळाशी जातात, वरचं खत काढत जायचं. मधे मधे लिंबासारख्या घाटाचे, पण मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळट कोष सापडतील. ते परत क्रेटमध्ये. एकेका कोषातून कधी दोन-तीन पिल्लंही निघतात. ती निघताना बघायला मिळावीत म्हणून एक कोष ओल्या टिश्यू पेपरवर काचेच्या बशीत ठेवून द्या. आमच्याकडे एकोणिसाव्या दिवशी निघाली, पांढरी, दोऱ्यासारखी.

राहिली मेची सुट्टी. क्रेट शाळेत ठेवू नका. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. गेल्या वर्षी तो चाळीत राहणाऱ्या एका मुलाकडे गेला. त्याच्या आईचा फोन आला, "बाई, घरात आधीच सहा माणसं, आता ही पण?" मी म्हटलं, नको असेल तर परत पाठवा. जूनमध्ये क्रेट परत आला तेव्हा त्यात टोमॅटोची चार रोपं उगवलेली होती, सालांबरोबर गेलेल्या बियांची. सोबत निरोप होता की रोपं उपटू नका, जाळीवर चढवा, आणि मुलाला सांगून ठेवलंय की पुढच्या मेमध्ये चिठ्ठ्या टाकायची गरज नाही.

तुमचा क्रेट भरला की कळवा. मूठ दाबल्यावर किती थेंब पडतात तेवढं लिहिलंत तरी पुढचं सांगता येईल.