जुन्या डिझेल जीपचं इंजिन उतरवण्याआधी घरी काय तपासता येईल?

तुम्ही विचारलंय, तुमची 1994 ची महिंद्रा 540 जीप. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, सुरू झालीच तर चढाला मरते, आणि मेकॅनिक म्हणतो बोअर गेलाय, म्हणजे सिलिंडर आतून झिजलेत, इंजिन उतरवा. वाचून राहवलं नाही, कारण अगदी हेच आमच्या दारात उभं राहून एकाने सांगितलं होतं.

आधी एवढं बघा, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढरा धूर निघतोय पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचतंय. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणारे) नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, याकडे बघा. धूरच नाही, तर डिझेलच पोचत नाही. मग बोअर मध्ये कुठून आला?

आमचीही 540च, प्यूजोचं 4.90 इंजिन. चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 4.90. कापूस, खताच्या गोण्या, वऱ्हाड, सगळं तिनेच वाहिलं. मग मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडायला लागली. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला की आधी फेस, म्हणजे हवा, मग साफ डिझेल. स्क्रू आवळला की चालू. पुढच्या चढाला पुन्हा तेच. एका गॅरेजने इंजेक्टरला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचं काम सांगितलं, दुसऱ्याने थेट इंजिन.

त्यात आमचे दाजी. जालन्याचे. "आमच्याकडं भंगार वितळवायच्या भट्ट्या काय शोभेला हायेत का? घाला भंगारात." आणि माझ्याकडे बघून, "डिप्लोमा केला तो पाना फिरवायला का?" जावई माणूस, वडील काय बोलणार? त्यांनी पान पुढे केलं.

दाजी जेवून झोपले तेव्हा मी पाच लिटरचा कॅन धुऊन, गाळलेलं डिझेल भरून, बोनेट उघडून इंजिनच्या वर टांगला. टाकीची नळी सोडून कॅनची नळी फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या) लावली, उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडली. हवा काढली, हीटर दिला, सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू. आयडलला ठेवली, रेस करून बघितली, एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप चांगला, बोअर चांगला. खोट टाकी ते फीड पंप यांच्या मधल्या पाइपात.

ती दिसत का नव्हती? कारण तो भाग ओढीचा. चालू इंजिन तिथून डिझेल ओढतं, त्यामुळे फट असली तरी थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरतं, म्हणून सकाळची झकझक. क्लॅम्पच्या आत रबरी पाइप चिरला होता, वरून धड दिसत होता. पाइप, दोन क्लॅम्प, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर, खेळ खलास. इंजिनकामाच्या पैशापुढे तो खर्च चहापाण्याचा.

दाजी उठल्यावर म्हणाले, "योगायोग." आजही दिवाळीला म्हणतात. अहो, कॅन लावला की चालते, काढला की मरते, यात योग कुठला? माझं स्पष्ट मत आहे, कारण न शोधता इंजिन उतरवायला सांगणारा मेकॅनिक आणि न बघता भंगारात घाला म्हणणारा पाहुणा, दोघांचं ऐकून घ्यावं, चहा द्यावा आणि पान्हे बाहेर काढावेत. शिकलेल्याने हात काळे करू नयेत म्हणणाऱ्यांच्या गाड्या टोचन लावूनच घरी येतात.

हां, काही गोष्टी राहिल्या. कॅन फक्त दारात तपासायला, तो टांगून रस्त्यावर जायचं नाही. जवळ विडी नको, गळ्यात टॉवेल नको, पंखा ओढून घेतो. इंजेक्टरच्या लाइनपुढे बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि दवाखाना गाठावा लागतो. कॅन लावूनही सुरू झाली नाही तर हीटर प्लग एकेक सुटा करून बल्बच्या वायरीने बघा. तेही ठीक असतील, आणि कशीबशी चालू झाल्यावर ऑइलची कॅप काढली की भकाभक धूर येत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, इंजिन उतरवा. पंपाचं सील मात्र घरी तोडू नका, ते काम कॅलिब्रेशनच्या (पंप मोजून जुळवायच्या) मशीनवालाच करतो.