मालकाला रजा कोण देणार?

"मी आठ दिवस बाजूला झालो तर धंदा बसेल." व्यवसाय करणाऱ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. कुणाच्या हाताखाली पन्नास माणसं असतात, कुणी एकटाच सगळं ओढत असतो, पण भीती तीच. ती खोटीही नसते. जिथे बारीकसारीक निर्णयसुद्धा मालकापाशी येऊन थांबतो, तिथे मालक गेला की काम खरंच अडतं. म्हणून "जरा विश्रांती घ्या" एवढंच सांगून अशा माणसाचं काही भलं होत नाही. समोरच्याला आपली अडचण कळलीच नाही, असं वाटून तो गप्प होतो.

छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले झोपेची तक्रार घेऊन. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात ऑर्डरी सुरू व्हायच्या. बोलता बोलता बाकीचं बाहेर आलं. नवीन काम मिळालं की पूर्वी हुरूप यायचा, आता पोटात गोळा यायचा. जुन्या, चांगल्या ग्राहकाचा फोन वाजला तरी चीड यायची. साधं कोटेशन तीन-तीनदा तपासूनही पाठवायचा धीर होत नसे. या धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस म्हणत होता, "मला आता काही जमत नाही."

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटच्या तीन खुणा दिल्या आहेत: ताकद संपून जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटत राहणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने येणारी अवस्था म्हणते. या गृहस्थांमध्ये तिन्ही खुणा दिसत होत्या. तरी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा थायरॉइडचा, मधुमेहाचा, रक्त कमी असल्याचाही असू शकतो, आणि तो मानसिक ठरवून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं. तपासण्यांत फक्त रक्तदाब थोडा वाढलेला निघाला.

आठवड्याला सत्तर तास काम करतो, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं. मी त्यांना जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अभ्यास सांगितला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी. त्यांनी ऐकून घेतलं. फरक काहीच पडला नाही. आकड्यांनी माणूस घाबरतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात फोन वाजतोच.

बदलाची सुरुवात त्या फोनपासूनच झाली. आमचं बोलणं चालू असताना त्यांनी मोबाइल पालथा ठेवला होता, तरी दर थोड्या वेळाने तो उलटून बघत होते. मी म्हणाले, "आत्ता आलेला मेसेज वाचून दाखवा." कामगाराने विचारलं होतं: साहेब, खोके कोणत्या टेपने बंद करू, साध्या की ब्राउन?

पुढचा आठवडाभर त्यांनी असा प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला आणि प्रत्येकासमोर एक खूण केली: हे फक्त मीच ठरवू शकतो, हे मर्यादा आखून दिली तर दुसरा ठरवेल, किंवा हे विचारायचीच गरज नव्हती. "फक्त मीच" या खुणेचे प्रश्न मोजकेच निघाले. सर्वांत जास्त मधल्या प्रकारचे होते. किती सवलत द्यायची, कागद कुणाकडून मागवायचा, तातडीचं काम मध्ये घुसवायचं का. या गोष्टी माणसांना येत नव्हत्या असं नाही. ठरवण्याचा अधिकार त्यांना कधी कुणी दिला नव्हता.

मग मर्यादा लिहून काढल्या. एका ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आणि ठराविक टक्क्यांपर्यंतची सवलत अनुभवी सुपरवायझर ठरवणार. मालकाला फोन कशासाठी करायचा तेही कागदावर आलं: कुणाला इजा झाली, आग लागली, मशीन पूर्ण बंद पडलं किंवा मोठा ग्राहक काम काढून घेतो म्हणाला तर. बाकी सगळं आल्यावर. पहिली सुट्टी आठ दिवसांची नव्हती. बुधवारची दुपार, फोन बंद ठेवून.

त्या दुपारी काही बिघडलं नाही आणि ते जास्तच अस्वस्थ होऊन आले! सुटल्यासारखं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माझ्याशिवाय चालतंय, तर मग मी आहे कशाला?" माझ्या मते धंदेवाल्या माणसाला रजेपासून अडवणारा खरा प्रश्न हा आहे. कामाचा डोंगर वर दिसतो, पण खाली ही भीती असते. वर्षानुवर्षं स्वतःची किंमत धावपळीत मोजलेल्या माणसाला रिकामी दुपार म्हणजे आपण नकोसे झाल्याची खूण वाटते. त्यावर आम्ही बरेच दिवस बोललो. डिझाइनचं काम त्यांना मनापासून आवडायचं आणि फोनांच्या भाऊगर्दीत त्याला हातही लागत नव्हता, हे त्या बोलण्यातूनच कळलं.

मध्यंतरी सुपरवायझरने एका ग्राहकाला जास्त सवलत दिली. यांचा संताप झाला, सगळे अधिकार काढून घ्यायला निघाले. मी विचारलं, त्याने मर्यादा ओलांडली का? नव्हती ओलांडली. मग तो निर्णय तसाच राहू द्यायचा, आणि मर्यादा जास्त वाटत असेल तर ती पुढच्या वेळेसाठी बदलायची, तीही त्याला बाजूला घेऊन सांगून. परत आल्यावर मालकाने सगळे निर्णय फिरवले तर पुढच्या रजेत कुणी काही ठरवायला धजावत नाही, आणि फोन पुन्हा सुरू होतात.

दुपारच्या सुट्टीचा पूर्ण दिवस झाला, मग चार दिवस, आणि काही महिन्यांनी एक आठवडा. ग्राहकांना आधीच कळवलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामासमोर "परत आल्यावर पहिलं पाऊल कोणतं" हे लिहिलं. अपुऱ्या कामाची ठोस योजना कागदावर आली की ते काम डोक्यात कमी घोळतं, हे संशोधनातही दिसलं आहे आणि मला रोज दिसतं. आठवडा संपण्याआधीच पुढच्या रजेची तारीख पक्की केली, कारण सुट्टीने आलेली तरतरी कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरते. वर्षातून एकदाच लांब जाऊन आलं की झालं, असं होत नाही. रोजची संध्याकाळ आणि आठवड्याची सुट्टी सांभाळावीच लागते.

हाताखाली कुणीच नसलेले लोक विचारतात, आम्ही काय करायचं? तुमच्यासाठी रजेची तयारी दर ठरवताना सुरू होते. वर्षाचे ५२ आठवडे धरून हिशेब केला तर प्रत्येक सुट्टी नुकसान वाटणारच. ४६ आठवड्यांत वर्षाचं उत्पन्न निघेल असा दर लावा आणि मंदीच्या काळातल्या बंदच्या तारखा ग्राहकांना महिनाभर आधी सांगा. त्याच व्यवसायातल्या एखाद्या विश्वासू माणसाशी अडीनडीला एकमेकांची तातडीची कामं बघायचं ठरवून ठेवा. आणि कामाबाहेरही कशातच रस उरला नसेल, सुट्टीतही मनाला उभारी येत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर रजेची वाट पाहू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांगा.